आयेला माजघरात घेतलं त्या दिवशी

"हात पुढे कर गो," मोठ्या घरच्या वहिनी म्हणाल्या आणि सॅनिटायझरची बाटली त्यांनी डोक्याइतकी उंच धरली.

मी पायरीखाली, घरापुढच्या खळ्यात उभी. ओंजळ केली. वरून धार पडली, निम्मी हातावर, निम्मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर. बाटली माझ्या बोटांपासून हातभर लांब. ही धार माझ्या ओळखीची होती. याच खळ्यात माझ्या आयेला तांब्यातून असंच पाणी पाजायचे. मी तिच्या लुगड्याला धरून बघत असायची. तेव्हा कसलाही रोग नव्हता.

मी गावची आशा सेविका. बौद्धवाडीतली. करोनाचं पहिलं वर्ष, गणपती तोंडावर आलेले. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याचं नाव वहीत लिहायचं, ताप बघायचा, आणि त्याला शाळेत वेगळं राहायला पाठवायचं, हे माझं काम. वरच्या वाडीतल्या या मोठ्या घराचा मुलगा आदल्या दिवशी आलाय हे सगळ्या गावाला माहीत होतं. देवळातला पहिला मान या घराचा. घरधनी आबा पडवीत बसले होते.

"आमच्या दारात तोंड बांधून उभी रवतंस? आमका काय रोग झालो हा?"

मी मास्क काढला. लगेच. 'काढ' असं ते म्हणालेसुद्धा नव्हते.

"आबानू, झिलाचो ताप बघूचो आसा."

"झील बरो आसा. प्रवासान दमलो हा. वहीत काय लिवची गरज नाय."

तेवढ्यात आतून खोकला आला. कोरडा, लागोपाठ. आबांनी ऐकला, मी ऐकला. वहिनी तुळशीकडे बघत राहिल्या. मी वही उघडली आणि लिहिलं, 'या घरी कोणी आलेले नाही.' खाली सही केली.

काय करणार होते ते मला? मारणार नव्हते. माझं काम काढून घेणं त्यांच्या हातात नव्हतं. मी घाबरले ती सवयीने. आग लागो त्या सवयीला.

मोठ्या घरानं केलं ते गावानं केलं. पुढच्या घरांत मी शाळेचं नाव काढलं की एकच प्रश्न यायचा, "आबांचो झील गेलो काय शाळेत?" मी वही मिटून पुढच्या दारी जायचे. मग त्यांनीही मास्क खाली घेतले, माणसं आत लपवली, आरत्या दाटीवाटीने चालू राहिल्या. शाळेत राहिली फक्त आमच्या वाडीतली माणसं. त्यांना मी मोठ्या आवाजात नियम सांगितले होते. त्यांच्यापुढे बरा फुटला माझा आवाज!

आये दर गणपतीला मोठ्या घरी राबायला जायची. खळं सारवायचं, नारळ सोलायचे, मागच्या दारी मोठी भांडी घासायची. तिला अडवायला हवं होतं. नाही अडवलं. का, ते सांगताना आजही मान खाली जाते. मला वाटलं, आयेला ते उंबरठ्याच्या आत कुठे घेतात? ती बाहेर, मुलगा आत. सरकार आता अंतर ठेवा म्हणतंय, यांचं तर जन्माचं अंतर आहे. आयेला काही होणार नाही. ज्या विटाळाने तिला जन्मभर जाळलं, त्याच्याच भरवशावर मी तिला तिथे पाठवली. मी, शिकलेली, गळ्यात सरकारी ओळखपत्र घातलेली.

कामाच्या तिसऱ्या दिवशी आये घरी आली ती वेगळीच. तिचा चेहरा इतका खुललेला मी कधी बघितला नव्हता. मी विळीवर बांगडे साफ करत होते.

"माका आज माजघरात घेतल्यानी गो."

"कित्याक?"

"झिलाची खोली पुसूक. तेचे कपडे धुवूक. घरातला कोण आत जायत नाय. वैनी म्हणाली, तुझ्याशिवाय कोण आसा आमका?"

ते वाक्य तिने दोनदा सांगितलं. माजघरातली लादी किती गार आहे ते सांगितलं. पितळेचा दिवा केवढा उंच आहे ते हाताने दाखवलं. चाळीस वर्षं त्या घरात राबून तिने तो पहिल्यांदा बघितला होता.

"आये, तेका तोच रोग आसा," मी म्हणाले.

"मगे तू वहीत लिवलंस ता काय?"

मी खाली बघून बांगडे कापत राहिले.

आठवड्याने आयेला ताप भरला. मग दम लागला. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली, तिथून ती गुंडाळूनच बाहेर आली. तोंड बघायला मिळालं नाही.

मोठ्या घरचा मुलगा बरा झाला. पण गावात घरोघरी ताप पसरला, तेव्हा तालुक्याचे डॉक्टर आले. मोठ्या घराच्या खळ्यात खुर्च्या मांडल्या, गाव जमला. डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कुठून झाली?"

वहिनी पायरीवरून म्हणाल्या, "हिच्या आवशीनच रोग आणल्यान आमच्या घरात. ही गावभर फिरता, आणि आवशीक आमच्याकडे धाडता."

माना हलल्या. आबांनी हात वर केला. "जावंदे. बिचारीची आवस गेली हा."

त्या 'बिचारी'ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले.

"तोंडावरचा काड आधी," आबा म्हणाले.

"काढूचंय नाय, आबानू."

वही उघडली. माझी ओळ वाचून दाखवली. मग ऑफिसातल्या मराठीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही नोंद खोटी आहे. ती मी केली. यांचा मुलगा आला होता, आजारी होता. माझ्या आईला त्याची खोली पुसायला माजघरात घेतलं." ओळ खोडली. खाली मुलाचं नाव लिहिलं, त्याखाली 'संपर्क' म्हणून आयेचं. अक्षर वाकडं आलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. खोट्या नोंदीबद्दल मला नोटीस आली. ती बरोबरच होती, मी सही करून घेतली.

लस आली तेव्हा मोठ्या घरून निरोप आला, घरी येऊन टोचा. मी कळवलं, लस शाळेत आहे, रांगेत या. आले. आमच्या वाडीतल्या माणसांमागे उभे राहिले.

आता सॅनिटायझर माझा मी नेते. कोणी वरून धार धरली की हात मागे घेते आणि तोंडावर सांगते, बाटली खाली ठेवा, मी घेईन. मास्क कोणाच्या मानासाठी उतरवत नाही. मेलंय ते भय.

लाज मेलेली नाही, आणि ती मी मरू देणार नाही. माझी ती खोटी ओळ मी वाचता येईल अशीच खोडली आहे. जो वही मागेल त्याला दोन्ही ओळी दाखवीन, त्यांच्या मुलाची आणि माझी. आधी माझी.