चकचकीत फरशी

नवऱ्याबरोबर घरासाठी फरशी बघायला गेले होते, तेव्हा शाहूपुरीतल्या फरशीच्या दुकानात त्या बाई मला एकदाच दिसल्या. साठीच्या असतील. डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांच्या मुलाला पांढरी, चकचकीत फरशी आवडली होती आणि सेल्समन सगळं त्यालाच समजावत होता. बाईंना कुणी काही विचारत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दातांनी टोपण उघडलं आणि खाली मांडलेल्या त्या नमुन्यावर पाणी ओतलं.

"पावणं, बूट काढा आन् हिच्यावरनं चालून दावा," त्या सेल्समनला म्हणाल्या.

तो हसला. "मावशी, पडीन की मी."

"मग माझ्या सैपाकघरात कशाला घालतासा? गुळगुळीत फरशीवर पडूनच ह्यो हात मोडलाय. पुसणार मी, पडणार मी, आन् पसंत करणार ह्यो."

"आई, लोकं बघाय लागल्यात," मुलगा म्हणाला आणि त्याने तीच फरशी पक्की केली.

बाई कुणी घसरू नये म्हणून खाली बसून एका हाताने, पदरानेच ते पाणी टिपत राहिल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"निदान आता पुसायला तरी वाका," मी त्या मुलाला म्हणाले. त्याने मोबाइल काढला.

तेवढ्यात सेल्समन माझ्या नवऱ्याकडे वळला. "बोला साहेब, तुम्हाला कसली दाखवू?"

"त्यांना काय विचारताय?" मी म्हणाले. "घर माझंही आहे."