मुराळी लाईव्ह झाला

टुंग. टुंग टुंग. टुंग.

मोबाईल ओट्यावर नाचायला लागला. कडेवर लेक, हाताला कणीक, कोपरानं मोबाईल सरळ केला तर काय! जळगावात आमच्याकडून मांडे घेणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या बायकांना माझ्या नावानं एकच मेसेज गेलेला. "ताई, उद्या आखाजीसाठी तुम्हाला न्यायला मुराळी येतोय. पिशवी भरून ठेवा."

मी पाठवला नव्हता हो. म्हणजे मीच पाठवला होता, पण मी पाठवला नव्हता. थांबा, दम घेऊ द्या, नीट सांगते.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी जायचंच. तिथं झोका बांधलेला असतो. पण अशी आपणहून उठून जात नाही बाई, माहेरचा कोणी न्यायला यावा लागतो, भाऊ, बाप, नाहीतर भाचा. तोच मुराळी. माझं माहेर धुळ्याला. लेक झाल्यापासून मी एकाही आखाजीला गेले नव्हते. कारण आमच्या सासूबाईंचे खापराचे मांडे. पालथ्या खापरावर टाकायच्या हातभर लांब पुरणाच्या पोळ्या, त्यांच्यासारख्या कुणाला जमत नाहीत, म्हणून आखाजीला ऑर्डरींचा नुसता पूर. भाजणार सासूबाई आणि फोन उचलणार मी. "तू गयी ते फोन कोन ली?" असं त्या म्हणायच्या की संपलं.

तेवढ्यात बचत गटात ट्रेनिंग आलं. कोड न लिहिता ॲप बनवा. मी बारावी नापास, पण मनात म्हणलं, ॲपनं ऑर्डरी घेतल्या तर मी धुळ्याला सुटले! गेले लेकीला घेऊनच.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, फार गोड. पण आम्ही बायका म्हणून सगळं स्वयंपाकातच सांगायच्या. "टेम्प्लेट म्हणजे करंजीचा साचा बरं का! ड्रॅग अँड ड्रॉप म्हणजे ताटात वाटी इकडून तिकडं सरकवायची!" शेवटी मागून एक काकू म्हणल्या, "मॅडम, सैपाक आमाले येतो, तुमी कम्प्युटरचंच सांगा." मॅडम लाजल्या, आम्ही हसलो, आणि माझी लेक त्यांची ओढणी चघळत बसली.

मला माझ्या पद्धतीनं समजलं. नो-कोड म्हणजे तयार ब्लाऊज, आणला की घातला. लो-कोड म्हणजे तयारच, पण बगलेत जरा टीप मारायला लागती, तेवढं शिवण यावं लागतं. मला शिवण येत नाही, म्हणून मी नो-कोडवाली. पण ट्रिगर काही डोक्यात शिरेना. मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट घडते आणि तिच्यामुळं पुढच्या आपोआप सुरू होतात." मी म्हणलं, "म्हणजे मुराळी?"

"कोण?"

"अहो, दारात मुराळी दिसला की कुणी काही सांगावं लागत नाही. पाय धुवायला पाणी येतं, चहा चढतो, पिशवी खाली निघते, पोरगी तोंड धुते, सासूचं तोंड वाकडं होतं. सगळं आपोआप."

मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. "करेक्ट! मुराळी हा ट्रिगर, आणि पुढचं सगळं वर्कफ्लो!" झालं, तेव्हापासून मी वर्गात हुशार. ती हुशारीच नडली.

घरी येऊन फॉर्म बनवला, सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यात घातले. कुणी ऑर्डर भरली की तिला मेसेज जाणार, "तुमची ऑर्डर मिळाली." पण तो जातो का ते बघायला आधी काहीतरी खोटं लिहून टेस्ट करायची असती. मला काय सुचणार? धुळ्याहून भावाचा फोन आला होताच, उद्या न्यायला येतो म्हणून. मी मुराळीचंच लिहिलं. आता टेस्टचं बटण वेगळं आणि पब्लिशचं वेगळं. ड्राफ्ट असतो तोवर आपण आणि आपला मोबाईल, पब्लिश केलं की लाईव्ह, जगाला दिसतं. हे मला पाठ होतं हो! पण लेकीनं ओढला पदर, अन् कुणाला पाठवायचं तिथं "सर्व" राहिलं, अन् बोट पडलं पब्लिशवर.

मग टुंग टुंग.

एक ताई: "माझा भाऊ दुबईला आहे, कोण येणार ते तरी सांगा." कापड दुकानवाल्या मारवाडी काकी: "बेटा, मेरा पीहर जोधपुर है, गाडी तुम भेजोगी क्या?" एक वहिनी: "माझ्या नवऱ्यानं मेसेज वाचून आत्ताच बॅग काढली. त्याची." मी एकेकीला हात जोडलेली चित्रं पाठवत सुटले. हे पाईपाच्या कंपनीतून जेवायला आले, मोबाईल पाहिला, म्हणाले, "मलाही ने म्हणावं कोणीतरी."

मी हसायला लागले, अन् तेवढ्यात आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

त्या नंबरांत सासूबाईंचा नंबर मीच पहिला घातला होता, टेस्टचा मेसेज त्यांच्या मोबाईलवर बघायला सोपं म्हणून. मी दारात गेले तर त्या पलंगावर हिरवं लुगडं ठेवून त्याच्या घड्या हातानं सपाट करत होत्या. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मना भाऊ येस वं सकाळ. पहूरहून. त्यानी तुना मोबाईलवर सांग्यं का?"

पहूर म्हणजे त्यांचं माहेर. आईबाप गेल्यापासून त्या आखाजीला गेल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, काही नव्हतं. भाऊ दर वर्षी विचारायचा, सासूबाई म्हणायच्या ऑर्डरी आहेत, मग त्यानं विचारणं सोडलं. मी तोंड उघडलं, "आई, तो मेसेज..."

"काय?"

त्या लुगड्यात डांबरगोळ्यांचा वास होता. माझ्या तोंडून निघालं, "तो मेसेज... उशिरा आला जरा."

बाहेर येऊन ह्यांना म्हणलं, आता काय करू? हे म्हणाले, "ट्रिगर तू दाबला, वर्कफ्लो तूच बघ." असे आमचे हे.

मी मोरीत जाऊन, नळ सोडून, पहूरला मामांना, म्हणजे सासूबाईंच्या भावाला, फोन लावला. रडतच सांगितलं. मामा आधी इतके हसले की मला वाटलं फोन पडला. मग म्हणाले, "पोरी, तिले सांगू नको काही. मी येस तिले न्यायले."

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर दोन मुराळी चहा पीत बसले, पहूरचे मामा आणि धुळ्याचा माझा भाऊ. आत दोन पिशव्या भरलेल्या. आणि मोबाईलवर फॉर्म लाईव्हच, ऑर्डरी येतायत, टुंग, टुंग. आता ऑर्डरी घ्यायला माझी गरज नव्हती, ॲप अगदी झकास चाललं होतं. मांडे भाजायचं ॲप तेवढं नव्हतं.

सासूबाईंनी माझी पिशवी पाहिली, खापराकडं पाहिलं. "मी राहस घरी. तू जाय," म्हणाल्या आणि हिरव्या लुगड्यावरच पदर खोचायला लागल्या.

मी पटकन फॉर्म बंद केला, अनपब्लिश म्हणतात त्याला. म्हणलं, "आई, तुम्ही निघा. आलेल्या ऑर्डरी मी करते." माझा भाऊ म्हणाला, "तू? मांडे?" आणि चहा सांडेपर्यंत हसला. त्यालाच बसवला मग पुरण वाटायला.

माझे मांडे? पहिला खापरावर टाकताना फाटला, दुसरा कोपरापर्यंत चिकटला, पुढचे हळूहळू जरा मांड्यासारखे दिसायला लागले. मारवाडी काकींनी कळवलं, "बेटा, इस साल मांडा थोडा रोटी जैसा है." बाकीच्यांनी रसात बुडवून खाल्ले, रसात सगळं खपतं. धुळ्याला मी आखाजी उलटल्यावर गेले, घरचे झोका सोडायच्या बेतात होते, माझ्या आईनं तेवढा राहू दिला होता.

सासूबाई पहूरहून आंबे घेऊन परत आल्या तेव्हा तोंडावर वेगळंच तेज. मी वाट बघत होते, मामांनी सांगितलं असंल का? त्यांनी खापर उचलून नीट बघितलं, मी कुठं कुठं जाळलं ते. मग जागेवर ठेवता ठेवता म्हणाल्या, "पुढला साले बी तुना मोबाईल आसाच बिघाडजो."

आता आखाजी परत जवळ आलीय. तो मेसेज ड्राफ्टमध्ये तसाच पडलाय, मी काढून टाकलेला नाही. पब्लिश केलं तर त्या पहूरला, मी खापरापाशी. नाही केलं तर मी धुळ्याला, आणि ते हिरवं लुगडं कपाटात. लेक कडेवरून बटणाकडं हात करतेय. तुम्ही असता तर काय केलं असतं हो?