परबकाकांचं टेस्टिंग

रमाकांत परब यांनी आयुष्यात एकही सामना अर्ध्यावर सोडला नाही.

हे वाक्य माझं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते शोकसभेत उच्चारलं आणि लोकांना भारावायला वेळ मिळावा म्हणून क्षणभर थांबले. मागच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "कोणत्या खेळातले होते?" मी म्हटलं, "टेनिस." ते खोटं नव्हतं. फक्त परबकाकांनी उभ्या जन्मात हातात रॅकेट धरली नव्हती, आणि टेनिस कोर्ट त्यांनी पाहिलं ते टीव्हीतच.

टीव्ही दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गोरेगावात स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं. भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले तसं ते बंद झालं, आणि काका दुकानातला शेवटचा डबा टीव्ही घेऊन आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त झाले. त्या टीव्हीला एक जुना व्हिडिओ गेम जोडलेला असे. तोही दुकानातलाच. कोणी डिसोझा नावाच्या गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. वर चिकटवलेली चिठ्ठी अजून होती : 'डिसोझा. गरम होतो.' बेवारस पडलेली वस्तू विकायची नाही, वापरायचीही नाही, हा काकांचा नियम. ते मालवणचे. दुकानात गिऱ्हाइकांशी मुंबईचं मराठी बोलत, घरात मालवणी. मी विचारलं, "काका, मग खेळता कसे त्याच्यावर?" तर म्हणाले, "खेळतंय खंय? टेस्टिंग चालू आसा." हे टेस्टिंग तीसेक वर्षं चाललं होतं.

त्या गेमबरोबर कॅसेट एकच आली होती, टेनिसची. हिरवं मैदान, उंच खुर्चीवर बसलेला पंच, आणि चेंडू लागला की 'टुक्' असा आवाज. टेनिसचे गुण काकांना शेवटपर्यंत पटले नाहीत. "पंदरा, तीस, मगे चाळीस? पंचेचाळीस खंय गेला?" हा प्रश्न ते मला दर आठवड्याला विचारत, जणू गुण मी ठरवले होते. त्या खेळाची आणखी एक खोड होती. दोघांनी खेळायचं ठरवलं तर एकमेकांविरुद्ध खेळताच येत नसे. दोघंही जाळीच्या एकाच बाजूला उभे, आणि समोर मशीनचे दोघं. काका म्हणत, "लगीन झालेल्या माणसान बनवलेलो गेम दिसता."

शैलाकाकूंनी मात्र त्या वस्तूला कधी हात लावला नव्हता. दुकान चालू असताना त्या दुपारी काउंटर सांभाळत, पावत्या लिहीत, काकांना सोल्डरिंगची तापलेली सळई हातात देत. घरी आल्यावर पुन्हा तारा बघायची त्यांना इच्छा नसे. मग एका सकाळी भाजी चिरताना त्यांच्या हातून सुरी सुटली. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून परत आल्या तेव्हा पाय थोडा ओढत चालता येत होतं, बोलणं समजत होतं, पण आवाज खोलीबाहेर जाईल इतका उरला नव्हता आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असे.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येऊ लागली. तिने स्पष्ट सांगितलं होतं, "काका, हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे आहेत. अंगठा हलला तर हात येईल. रोज करून घ्यायचं, त्या रडल्या तरी." तिने दिलेला स्पंजचा चेंडू काकू दाबत नसत. दोन दिवसांनी त्यांनी तो डाव्या हाताने खिडकीतून फेकून दिला. तेव्हा काकांना गेम आठवला. डाव्या हाताने माणूस पळवायचा, उजव्या अंगठ्याने रॅकेट मारायची. काका मला म्हणाले, "बगलंस? देवानच बनवल्यान हिच्यासाठी." देवाने की डिसोझाने, हे मी विचारलं नाही.

तीन आठवडे काकूंचा माणूस मैदानात नुसता पळत राहिला. चेंडू शेजारून जाई, काकू बटणाकडे बघत, आणि अंगठा काकूंकडे बघितल्यासारखा पडून राही. काका ओरडत, "मार गो! मार!" एकदा काकूंनी कंट्रोलर खाली टाकला आणि म्हणाल्या, "मला मारायला लावू नका हो. मलाच मारा एकदाचं." काका उठून गॅलरीत गेले.

पुढच्या मंगळवारी 'टुक्' झालं. काकूंच्या माणसाने चेंडू परतवला होता. काकांनी मला समोरून हाक मारली. "अवी! लागलो रे, लागलो!" काकू हसत होत्या. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होती.

आठवडाभराने चहाच्या वेळी मी टीव्हीसमोर बसलो असताना माझ्या लक्षात आलं की पडद्यावरचे दोघंही एकाच क्षणी रॅकेट उचलतात, कवायतीतल्या पोरांसारखे. काकू आत गेल्यावर मी त्यांचा कंट्रोलर उलटा करून मागचं झाकण काढलं. काकांच्या बटणापासून एक बारीक तार आली होती आणि काकूंच्या बटणाला नीट डाग देऊन जोडली होती.

"काका, हे काय?"

"डायरेक्ट केलंय."

हा त्यांच्या धंद्यातला शब्द. एखादा भाग गेला आणि नवा मिळत नसला की त्याला वगळून तार पुढे जोडायची, म्हणजे डायरेक्ट. काका त्यात पटाईत होते. "गिऱ्हाईकाक चित्र दिसूक व्हया," ते नेहमी म्हणत. "आत काय जोडलंय ता कोण बघूक येता?"

"पण मग अंगठा हलणार कसा?"

"हलतलो. धीर इलो की हलतलो." मग आवाज उतरवून म्हणाले, "कोणाक सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. व्यायामवाली मुलगी आली, तिने काकूंच्या अंगठ्यात आणि बोटात कागद धरायला दिला. कागद पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. काका म्हणाले, "कागदाचं सोडा हो, मॅच बघा हिची." त्यांनी सामना लावून दाखवला. काकूंनी चार चेंडू मारले. मुलगी कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे मला नाही पटत काका." पुढच्या महिन्यापासून काकांनी तिला यायला नको म्हणून सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात चहा होता आणि तो पिण्यात मी स्वतःला गुंतवून घेतलं. त्यानंतर महत्त्वाचे महिने एकेक करून निघून गेले. दुपारी समोरून 'टुक् टुक्' ऐकू येई. काका आपल्या कामावर खूश होते. त्यांना खरोखरच वाटू लागलं होतं की काकूंचा हात सुधारतोय.

ते गेले त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चारला गेलो. दार नुसतं ओढलेलं होतं. टीव्हीवर पंच खुर्चीत बसला होता आणि चारही खेळाडू जागच्या जागी उभे होते. या खेळात ज्याची सर्व्हिस असेल त्याने ती केल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. नुसतं थांबून राहतं. काका खुर्चीतच होते, हनुवटी छातीवर. काकूंनी डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला होता. कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नाही.

शोकसभेनंतर चार दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या.

"सर्व्हिस माझी होती, अवी. मी अंगठा ठेवला. गेली नाही. पुन्हा ठेवला. नाही गेली. तेव्हा मी बाजूला बघितलं."

"म्हणजे तुम्हाला... ती तार..."

"मी कप धरून चहा पीत असायचे तेव्हाही माझा माणूस रॅकेट मारायचा. अंगठा गेलाय माझा, डोळे नाही गेले. वीस वर्षं यांच्या हातात ती तापलेली सळई दिली मी."

"मग बोलला का नाहीत?"

काकूंनी उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्यांना चित्र दिसत होतं ना," त्या म्हणाल्या. मग पुढे, "ती मुलगी चांगली होती रे. तिला थांबवायला नको होतं." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, ही त्यांची कृपा.

राहता राहिलं सेक्रेटरींचं वाक्य. काकांची मुलगी बंगळुरूहून यायची होती, म्हणून त्या दिवशी त्यांच्यासाठी शीतपेटी मागवली होती. काकांच्या हॉलमध्ये चालू प्लग एकच. बाकीचे दोन त्यांनी कधीतरी दुरुस्तीसाठी उघडले होते ते तसेच होते. पंधरा-चाळीस, सर्व्हिस काकूंची, असा सामना थांबलेला असताना टीव्ही आणि गेमची सामाईक पिन सेक्रेटरींनीच काढली.