तिसरा उमेदवार

मास्तरांची आणि माझी ओळख एका फुलझाडांच्या नर्सरीत झाली. मी तिथे झाडं घ्यायला गेलो नव्हतो. मी गाडी शिकत होतो आणि गाडीच नर्सरीत शिरली होती. पहिला दिवस, पहिली दहा मिनिटं. तेवढ्यात मी एका सायकलवाल्याला डोंगरावर पळवून लावलं (आसपास डोंगर नाही, त्याने तो शोधून काढला), एका हवालदाराला वयाच्या पन्नाशीत झाडावर चढायला शिकवलं आणि शेवटी शेवंतीच्या कुंड्यांपासून वीतभर अंतरावर गाडी अशी थांबली, की नर्सरीवाल्याने मास्तरांचे पाय धरले. माझे नाही. कारण गाडी मी थांबवली नव्हती. माझे दोन्ही पाय त्या वेळी सीटवर होते.

"छान," मास्तर म्हणाले. तोंडातली लवंग त्यांनी या गालातून त्या गालात सरकवली. "पुढे जायचं जमलं. आता रिव्हर्स बघू."

शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक असतो. मास्तरांचं उभं आयुष्य त्या ब्रेकवर गेलं होतं. माणूस वाळका, चेहरा मुलाखतीला आल्यासारखा. देवाने दिलेलं सगळं मांस उजव्या पोटरीत जमा झालेलं. हा पाय गाडीबाहेरही ब्रेक शोधायचा. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याजवळ आला की पाय दाबला जायचा. घरी टीव्हीवर कोणी जिन्यावरून धावत उतरलं की समोरचं स्टूल भिंतीवर जाऊन आदळायचं.

"ह्यांच्याबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे समोरच्या माणसाने हेल्मेट घालून बसायला हवं," त्यांची बायको म्हणायची.

मास्तरांचा दुसरा लौकिक असा की त्यांचा एकही विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेला नव्हता. कारण ते कोणाला परीक्षेला बसूच देत नसत. "अजून थोडी तयारी हवी," हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांच्याकडे शिकायला आलेली पोरं शिकता शिकता नोकरीला लागली, लग्नं करून मोकळी झाली, काहींना टक्कल पडलं. मी तर तिथे कायमचाच मुक्कामाला असल्यासारखा होतो. पण एखाद्याला एकदा का त्यांनी "जा" म्हटलं, की तो पास होऊनच यायचा. त्यामुळे "थांबलं की चांगलं होतं" यावर त्यांचा विश्वास बसला तो काही उगाच नव्हे.

एका सकाळी मी गाडीत बसलो तर मागच्या सीटवर वहिनी. मांडीवर पाण्याची मोठी बाटली, निम्मी संपलेली.

"आज दवाखान्यावरून फेरी मारू," मास्तर म्हणाले.

"बरं नाही का वहिनींना?"

"बरं आहे हो," मागून उत्तर आलं. "भाऊजी, फक्त स्पीडब्रेकर जरा सांभाळून. पोटात लिटरभर पाणी आहे आणि डॉक्टरांचा हुकूम आहे, पोचेपर्यंत सोडायचं नाही."

वाटेत सगळा उलगडा झाला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. औषधं झाली, मग प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा उपाय झाला. तीन गर्भ तयार झाले आणि डॉक्टरांनी ते गोठवून ठेवले. आता गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांनी तयार करायचं, ते पुरेसं जाड झालं की एक गर्भ वितळवायचा आणि बारीक नळीने आत सोडायचा. सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून ते पाणी. पहिला गर्भ आदल्या वर्षी सोडला, तो रुजला नाही. आज दुसरा. आणि पुन्हा नवे गर्भ तयार होतील ही आशा डॉक्टरांनी सोडली होती. वहिनींनी चाळिशी ओलांडलेली. म्हणजे होते ते एवढेच.

मास्तर त्यांना गर्भ म्हणत नसत. "आमचे उमेदवार," म्हणत. "पहिल्याला घाईत पाठवलं. दुसऱ्याची तयारी पक्की करून घेतलीय."

"पण मास्तर, अशा दिवशी गाडी माझ्या हातात?"

"साहेब, या शहरात तुमच्यापेक्षा हळू कोणी चालवत नाही. येताना तिला एकही धक्का बसता कामा नये."

आयुष्यात माझ्या गाडी चालवण्याचं झालेलं हे एकमेव कौतुक.

दवाखान्यात भिंतभर बाळांचे फोटो होते. गुबगुबीत, टोपड्यातली, एक तर चक्क जांभई देणारं. त्या भिंतीसमोर बसलेली जोडपी आपापल्या चपलांकडे बघत होती. मास्तर लवंग बदलत होते. वहिनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत म्हणाल्या, "अहो, त्या बाईंना सांगा, आणखी उशीर केलात तर इथेच पूर येईल." भिंतीसमोरची सगळी मंडळी हसली. त्या खोलीत बहुतेक त्या महिन्यात पहिल्यांदाच.

आत त्यांना जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मला गाडी पार्क करायला लागला होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं. घरी जा, नेहमीसारखं राहा. चाला, जिने चढा, कामाला जा."

परतताना आम्ही ज्या वेगाने चाललो होतो त्याला वेग म्हणणं म्हणजे वेगाचा अपमान. शाळेत जाणारी पोरं आम्हाला मागे टाकत होती. एका कोपऱ्यावर मांजर आडवं आलं. त्याने आधी आम्हाला पाहिलं, अंग चाटून घेतलं, पुढच्या बेताचा विचार केला आणि मग निवांत रस्ता ओलांडायला लागलं. मी थांबणारच होतो. पण मास्तरांचा पाय माझ्या आधी पोचला. गाडी गचकन थांबली आणि मागच्या सीटवरची रिकामी बाटली खाली पडली.

बाटली पडली, एवढंच. वहिनी जागच्या हलल्याही नव्हत्या. पण मास्तर वळून त्या बाटलीकडे असे बघत राहिले, की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी मला "चला" म्हणायला ते विसरले.

पंधरवड्याने रक्ताची तपासणी झाली. नाही.

"मांजराचा दोष नाही," मास्तर मला म्हणाले. "ब्रेक माझा होता."

त्यांना डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. "अहो, तो काही खिशातलं नाणं आहे का खुळखुळायला? धक्क्याने गर्भ पडत नाही. रुजायचा तर रुजतो, नाहीतर नाही. कित्येकदा दोष गर्भातच असतो, वरून दिसत नाही." मास्तर मान डोलवायचे. आपल्या घाबरट विद्यार्थ्यांना आपण धीर देतो तसाच ही बाई आपल्याला देतेय, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरायचं.

उरला तिसरा. आणि मास्तरांनी ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच.

गर्भ सोडण्यापूर्वी दर वेळी दोघांची सही लागायची. वहिनी गोळ्या सुरू करायच्या. अंगावर सूज, रात्रीची झोप उडालेली. चष्म्याच्या दुकानात त्या गिऱ्हाइकांचे नंबर तपासायच्या. एकदा एका आजोबांना "खालची ओळ वाचा" म्हणता म्हणता वहिनींनाच रडू फुटलं. आजोबा बिचारे घाबरून म्हणाले, "बाई, इतका वाईट आहे का माझा नंबर?" अस्तर तयार व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, उत्तम आहे. मग मास्तर सहीचं पेन हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आणखी थोडं जाड झालं तर बरं नाही का?"

एका महिन्यात वहिनींना खोकला होता. एका महिन्यात दवाखान्याचा रस्ता खणलेला होता. मग मास्तरांनी गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर बदलले. मग टायर. मग सीटवर जाड गादी आली. दोनदा तर सगळी इंजेक्शनं होऊन, तारीख ठरून, आदल्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात फोन करून रद्द केलं. वहिनींना विचारलंही नाही.

दुसऱ्यांदा असं झालं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. कप पुढे सरकवून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच विचारा ह्यांना. गाडीचं गर्भाशय झालं का तयार? झालं असेल तर जरा माझ्याकडे बघा म्हणावं."

"अगं, शेवटचा आहे," मास्तर म्हणाले.

"शेवटचा आहे म्हणूनच म्हणतेय ना! त्याला काय मुरांबा करून खायचाय?"

"तिथे तो सुरक्षित आहे. तिथे त्याला वय नाही, काही नाही. डॉक्टरच म्हणतात."

"त्याला नाही. मला आहे." मग आवाज खाली आणून, "गोळ्या मी खाते, सुया मी टोचून घेते, आणि धीर ह्यांचा सुटतो. अहो, नापास होईल म्हणून पोराला जन्मालाच घालायचं नाही, असा बाप मी पाहिला नाही कुठे."

टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबलेला होता. टेबल माझ्याकडे सरकलं तेव्हा मला कळलं.

असं करता करता तीन वर्षं गेली. मूल दत्तक घ्यावं असंही वहिनींनी मध्ये सुचवलं होतं. मास्तर म्हणाले, "आपला एक तिथे वाट बघत असताना?" मग त्याचीही वयाची मर्यादा निघून गेली.

आणि एके दिवशी वहिनींनी जे केलं त्याची बातमी सगळ्या आळीत पसरली. समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी गुपचूप नाव घातलं होतं. दीड महिन्यात लायसन्स! मास्तरांच्या बायकोला! मास्तरांकडे आम्ही म्हातारे होत होतो आणि ही बाई समोरच्या पोरसवदा मास्तराकडून पास होऊन आलीसुद्धा. त्या सकाळी त्या आल्या, मास्तरांच्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि म्हणाल्या, "चला. सही करायला."

मास्तर सवयीने पुढच्या सीटकडे वळले.

"तिथे नाही. मागे."

ते मागे बसले. त्यांनी सही केली. पेन हातात घेऊन एकही प्रश्न विचारला नाही, असं वहिनी नंतर सांगत होत्या. गाडीत मागे बसल्यावर माणूस किती शहाणा होतो बघा, हेही त्याच म्हणाल्या आणि खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

ठरलेल्या दिवशी पुढच्या सीटवर मला बसवलं, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसायच्या अटीवर. मागे मास्तर, मांडीवर पाण्याची बाटली. वहिनी चालवत होत्या आणि काय चालवत होत्या! प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर जायची आणि खाली यायची. "बघा हो, पाणी हललं का?" त्या आरशातून विचारायच्या. "नाही," मास्तर म्हणायचे. त्यांचा चेहरा उजळला होता. "चांगली चालवते," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "माझ्याकडे असती तर आणखी दोन महिने घेतले असते, पण चांगली चालवते."

सिग्नलच्या थोडं अलीकडे वहिनींचा फोन वाजला. त्यांनी तो न बघता मागे दिला.

"हो," मास्तर म्हणाले. "हो, मी त्यांचा नवरा. हो, निघालोय... बरं... बरं. नाही, समजलं."

वहिनींनी आरशात पाहिलं. इंडिकेटर दिला, मागचं वाहन जाऊ दिलं, गाडी कडेला घेऊन सरळ रेषेत उभी केली, हँडब्रेक ओढला.

"काय म्हणतात?"

"सकाळी वितळवायला काढला. टिकला नाही म्हणे. होतं असं, शंभरात पाच-सात वेळा."

"म्हणजे?"

"म्हणजे आता यायची गरज नाही म्हणाल्या."

वहिनींनी टिकटिकणारा इंडिकेटर बंद केला. मग म्हणाल्या, "मला बाथरूमला जायचंय."

पुढच्या पेट्रोल पंपावर त्या उतरून गेल्या. खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघं हवा भरायच्या यंत्राजवळ उभे राहिलो. तिथे एक माणूस उगाचच चारही टायर पुन्हा पुन्हा तपासत होता. मास्तरांना बघण्यासारखं तेवढंच होतं, ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विचारलं: हाच गर्भ तीन वर्षांपूर्वी वितळवला असता तर टिकला असता का? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. गोठलेला गर्भ किती काळ ठेवला याने सहसा फरक पडत नाही. त्याच्यातच काही कमी असेल तर तेव्हाही टिकला नसता. मास्तर तिथून जवळजवळ धावत घरी आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना इतकं आनंदाने काही सांगायचं होतं.

"ऐकलंस का? माझ्यामुळे नाही! थांबल्यामुळे नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, थांबण्याने काही फरक पडला नाही!"

वहिनी चष्म्याची काच पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"बरं झालं विचारून आलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे तीन वर्षं फुकटच थांबलो."

पुढच्या महिन्यात त्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिकडेच त्यांना एका चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली. घटस्फोट झालेला नाही. वकिलाकडे जायचा दोघांनाही कंटाळा आहे.