ठोका गाळणारा ढोल

दुपारची भांडी आवरली की मी घटकाभर देवाजवळ बसते आणि मग वही काढते. वहीत फार काही नसतं. दूध नासलं, गुडघा दुखला, जप पुरा झाला की राहिला, एवढंच. पण गेल्या वर्षीच्या एका सोमवारच्या पानावर दोनच वाक्यं आहेत: ‘आज भाऊजींचं विज्ञान संग्रहालय पाहिलं. देवा, सांभाळ.’ खाली सगळं कोरं. त्या दिवशी पुढे लिहवलंच नाही. ते पान आज भरते आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. गुडघे फुटलेले, खिशात स्क्रू. मी पहिल्या दिवसापासून त्यांना अहो-जाहो केलं आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून मला ‘वहिनी, तू’. पुढे तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. जाताना उपदेश वगैरे केला नाही. म्हणाल्या, “त्याला जेवायची आठवण करत जा, तो विसरतो.” तेवढं एक काम मी पस्तीस वर्षं करते आहे. भाऊजींनी लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, “आणू कुठे तिला? खोलीत जागा आहे का?” खोटं नव्हतं ते. मागच्या खोलीत मोटारी, भिंगं, तारांची भेंडोळी, आणि त्यातच कुठेतरी एक खाट.

सासऱ्यांना मी पाहिलं नाही. पन्नाशीला टेकले होते. एका सकाळी कामावर निघताना खुर्चीत बसून त्यांनी एक बूट घातला, दुसरा हातातच राहिला. दुखणं नाही, खुपणं नाही. घरात यावर कोणी बोलत नाही, पण आमच्याकडे अजूनही कोणी खुर्चीत बसून बूट घालत नाही. उभ्यानं, भिंतीला हात टेकून घालतात. माझे यजमान पन्नाशी ओलांडून गेले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. भाऊजींचं तेव्हा मनातही आलं नव्हतं. ते मला अजून अकराचेच वाटायचे. गेल्या वर्षी त्यांना एकोणपन्नासावं चालू होतं.

चोवीस वर्षं ते त्या संग्रहालयात फिटर आहेत. तिथे त्यांना सगळे खटपट्या म्हणतात. त्यांचं एक जुनं दुखणं होतं: काचा. तिथे प्रत्येक वस्तू काचेत, आणि प्रत्येक काचेवर पाटी, ‘हात लावू नये’. घरी जेवताना ते त्यावरून पेटायचे. “वहिनी, हात न लावता कुणाला काही समजलंय का? तू पोळी बघून शिकलीस की लाटून?” शेवटी साहेबांनी एक दालन त्यांच्या हवाली केलं. तिथे सगळ्याला हात लावायचा. पहिली वस्तू म्हणून भाऊजींनी ढोल केला. दोन पितळी मुठी धरायच्या, की आपल्या काळजाचे ठोके त्या ढोलावर वाजतात. उद्घाटन येत्या रविवारी.

आणि ढोल ठोके गाळायला लागला.

आठ दिवस त्यांचा डबा भरलेला परत येत होता. चेहरा उतरला होता, जिन्यात मधेच बसायचे. विचारलं तर, “तारेत कुठेतरी खोट आहे, सापडत नाही.” यजमान म्हणाले, “नाही वाजला ढोल तर थाळी वाजव.” भाऊजी हसलेसुद्धा नाहीत. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी डबा भरला आणि स्वतःच निघाले. समोर बसून खायला लावायचं, एवढंच डोक्यात होतं.

चोवीस वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीती वाटायची. तिथे माणसाचा सांगाडा आहे, हे मला ठाऊक होतं. मोठ्या दारातून आत गेले तर दिवे अर्धेच चालू, आणि माझ्याच चपलांचा आवाज मागून येत होता. पहारेकरी म्हणाला, “बाई, सरळ जा. सांगाडा दिसला की डावीकडे.” अशी वाट देवानं कुणाला दाखवू नये. मी पदर घट्ट धरला आणि नाम घेत, खाली बघत, डावीकडे वळले.

“वहिनी? तू?” भाऊजी शिडीवरून उतरले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. “आलीस? चल, आधी दाखवतो.”

“आधी जेवा.”

“दोन मिनिटं!”

ती दोन मिनिटं तासभर चालली. एकेका काचेपुढे उभं राहून ते तिथे नसलेल्याच गोष्टी मला दाखवत होते. “ही काच गेली असं समज. इथे एक खुर्ची. बसायचं, दोरी ओढायची आणि आपणच आपल्याला वर उचलायचं. आणि इथून त्या टोकापर्यंत एक नळी. इकडे कुजबुजायचं, तिकडे ऐकू जाणार.”

“मग घरातल्या गोष्टी इथे बोलायला नकोत.”

“आणि इथे तुझा कुकर! पण आरपार दिसणारा. शिटी व्हायच्या आधी आत काय चालतं ते पोरांनी बघायचं.”

मलाही जोर चढला. म्हटलं, “एक बरणी ठेवा. झाकण घट्ट बसलेली. पैलवानालाही उघडू नये. शेजारी गरम पाणी. झाकण पाण्यात धरलं की चुटकीसरशी उघडतं. कुणाला म्हणून ठाऊक नसतं, नुसते जोर करत बसतात.”

भाऊजी थांबले. कानावरची पेन्सिल काढून खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. “वहिनी, चोवीस वर्षं कुठे होतीस तू?” माझी भीती तेवढ्यापुरती पळाली. मग आम्ही ढोलापाशी आलो.

पिंपाएवढा ढोल, त्यावर लाकडी टिपरी, पुढे दोन पितळी मुठी. भाऊजींचा एक नियम होता: कुठलीही वस्तू आधी स्वतःवर शंभर वेळा चालवायची, मगच लोकांच्या हाती द्यायची. दुसऱ्या कुणाला ते तोवर हातही लावू देत नसत. त्यांनी मुठी धरल्या.

धप. धप. धप. रिकाम्या दालनात तो आवाज पायांतून वर चढला. धप. धप. आणि गप्प.

“बघ,” ते म्हणाले. “गाळला. तार बदलली, टिपरी बदलली, मुठी नव्या केल्या. तरी मेला गाळतोच.”

“मी धरू का?” मी सहज विचारलं.

त्यांनी जरा विचार केला आणि बाजूला झाले. मुठी गार होत्या. मी घाबरलेलीच होते, ढोल नुसता सुटला. धपधपधपधप. भाऊजी हसायला लागले. “काय गं, सांगाड्यानं पाठ धरली का?” पण ऐकता ऐकता त्यांचं हसू थांबलं. एकही ठोका गळला नाही. “लागला! तुझ्या हाताला गुण आहे, वहिनी. सरक.”

त्यांनी परत मुठी धरल्या. माझ्या तोंडात नाम चालूच होतं, आणि ते आपोआप ढोलाबरोबर पडायला लागलं. एक ठोका, एक नाम. एक ठोका, एक नाम. मग ढोल थांबला. माझं नाम पुढे गेलं. एक. दोन. तीन. मी ढोलाकडे बघत होते, म्हणून भाऊजींकडे उशिरा बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. गुडघे किंचित वाकले होते. चार. आणि मग, धप.

“मान अवघडली,” ते म्हणाले आणि डोळे चोळले. “आठ दिवस वाकून काम करतोय ना.”

जिना आठवला. परवा जेवताना त्यांच्या हातातून सुटलेला पेला आठवला. आणि न पाहिलेल्या सासऱ्यांच्या हातातला तो बूट. वाटलं, बोलले तर ते खरं होईल. न बोलले तर ते उद्या पुन्हा इथे एकटे येतील, मुठी धरतील, आणि ढोल चार नामांनंतरही वाजणार नाही.

मी म्हटलं, “पहारेकऱ्याला बोलवा.”

“त्याला कशाला?”

“बोलवा म्हणते ना!”

सदतीस वर्षांत मी त्यांच्यावर ओरडले नव्हते. ते निमूट गेले आणि पहारेकऱ्याला घेऊन आले. साठीच्या पुढचा, पोट सुटलेला माणूस. मुठी धरायच्या आधीच म्हणाला, “बाई, माझा ठोका सापडला तर बायकोला कळवा. तिला वाटतं, मला काळीजच नाही.” ढोल त्याच्या काळजानं सावकाश वाजला, बैल चालावा तसा, एकसारखा. मी पन्नास नामं मोजली. एकही गळला नाही.

भाऊजी ढोलाकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग पुन्हा ढोलाकडे.

“भाऊजी,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. “ढोल बरोबर आहे.”

आणि त्या माणसाच्या तोंडावर आधी आनंद पसरला! देवाशपथ. “म्हणजे मशीन ठीक आहे?” ते म्हणाले. “उगाच तार बदलली मी!” पहारेकरीसुद्धा हसला. मग भाऊजींचा हात आपोआप छातीवर गेला, आणि ते शिडीच्या खालच्या पायरीवर हळूच बसले. मी डबा छातीशी धरून उभी होते.

“वहिनी,” शेवटी ते म्हणाले, “बाबा किती वर्षांचे होते गं?”

“उठा. दवाखान्यात जायचं.”

“दिवे बंद करून येतो. ओळीनंच बंद करावे लागतात.”

“पहारेकरी करतील.”

“त्याला ओळ ठाऊक नाही.”

“काळोख झाला तरी चालेल!” मी त्यांचा हात धरला. चौदा वर्षांच्या मुलाचा धरावा तसा, मनगटाला. दारापर्यंतची ती वाट मला पुरता जन्म वाटली. प्रत्येक पावलाला मी त्यांच्या पायांकडे बघत होते. सांगाडा कधी मागे पडला, कळलंही नाही.

गाडीत मी त्यांची नाडी बोटाखाली धरून बसले. मला नाडीतलं काय कळतं? पण बोट काढायचा धीर होईना. एकदा ती थांबली. मी दोन नामं घेतली, तिसरं ओठातच अडकलं. मग ती पुन्हा चालू झाली. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “बरणीची गोष्ट चांगली आहे. दोन बरण्या ठेवू. एक गार पाण्यापाशी.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या रेघा पाहिल्या. दोन रेघांच्या मधे लांबलचक मोकळी जागा होती. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “तुम्हाला कुणी पाठवलं?”

“ढोलानं,” भाऊजी म्हणाले.

बाईंना वाटलं, पेशंट बरळतोय. मग मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “घरी सोडता येणार नाही. काळजाला वेळ सांगणारं एक छोटं यंत्र छातीत बसवायचं.” भाऊजींनी विचारलं, ते आतून कसं असतं, उघडता येतं का, बॅटरी किती वर्षं. मला एकच विचारायचं होतं, ते विचारवलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले. यजमान आले आणि माझ्या शेजारी बसले. धाकट्या भावाच्या चपला त्यांनी मांडीवर घेतल्या होत्या. कुठे ठेवाव्यात, हे त्यांना सुचत नव्हतं.

मंगळवारी सकाळी यंत्र बसवलं. जपाला बसले तर नाम येईना, नुसते ठोके यायचे. बाई दार उघडून बाहेर आल्या आणि मान हलवली. ती कशी हलवली, आडवी की उभी, हे कळेपर्यंत माझं सगळं अंग गार पडलं होतं. उभी होती.

रविवारचं उद्घाटन भाऊजींशिवाय झालं. ढोलापाशी पहारेकरी उभा होता. भाऊजी दोन महिन्यांनी कामावर गेले. पण त्या दालनातलं मोठं लोहचुंबक असलेलं टेबल, त्यांचं सगळ्यांत लाडकं, आता त्यांना बंद. छातीतल्या यंत्राला ते चालत नाही. त्यांनी स्वतःच त्या टेबलाभोवती पिवळी रेघ मारून घेतली आणि अलीकडून हुकूम सोडतात. बरणी मांडली आहे. ढोलाशेजारी त्यांनी हातानं पाटी लिहून लावली: ‘ठोका गळला तर आधी दुसऱ्याच्या हाती मूठ द्या. त्याचाही गळला तर मला बोलवा. त्याचा नाही गळला तर डॉक्टरांना.’ साहेब म्हणाले, लोक घाबरतील. भाऊजी म्हणाले, “घाबरू देत.”

पन्नासावं लागलं त्या दिवशी त्यांनी मुद्दाम खुर्चीत बसून बूट घातले. दोन्ही. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पोळी तव्यावर करपली.

लोक म्हणतात, आता काय भीती? यंत्र आहे ना! मीही तसंच म्हणते. पण दुपारी वही लिहायला बसले की कान मागच्या खोलीकडे असतो. सुट्टीच्या दिवशी तिथे ठोकाठोकी चालते, कानस घासते, काहीतरी पडतं. तोवर मी लिहिते. मधेच सगळं शांत होतं. मग माझी लेखणी थांबते. एक नाम. दोन. तीन. चौथ्याला मी हाक मारते.

“भाऊजी!”

“आहे गं, वहिनी. स्क्रू शोधतोय.”