बगलेत दाबलेले हात

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उजाडताच रस्त्यावर उभं राहून ब्रेकरने काँक्रीट फोडायचं, ते दुपारपर्यंत. त्या यंत्राचा हादरा दातांपर्यंत जातो. इतर मजूर मध्येच टेकायचे, हा टेकायचा नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं त्याला जमलंच नाही.

संध्याकाळी तो मैदानावर मुलींना धावायला शिकवायचा, फुकट. पण ब्रेकरने हातांची पार वाट लावली होती. रिकामे असले की ते थरथरायचे. पोरींना दिसू नये म्हणून तो ते बगलेत घट्ट दाबायचा आणि जबडा आवळून उभा राहायचा. घरीसुद्धा त्याने हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

सगळ्यांत जोरात पळायची ती त्याची भाची. निवड चाचणी तोंडावर आली होती आणि तिचा वेग रोज घसरत होता.

"छान पळालीस," तो म्हणाला.

"मामा, छान म्हणता आणि उभे असे राहता, जसं काही मी तुमच्या घरी दरोडा घातलाय. वळणावर तुम्ही दिसलात की पायातलं बळच जातं माझ्या."

"सर हसले ना, तर शाळेला सुट्टी देतील!" मागून एक पोरगी म्हणाली. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. भाची हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वळणावर आली तेव्हा त्याने मनाचा हिय्या केला. दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि ओरडला, "शाब्बास!" हात लटलट कापत होते. ते बघून ती धावता धावता थांबली.

"पिऊन आलाय!" कठड्यावरून एका पोरीचे वडील म्हणाले. "म्हणूनच हात लपवत होता होय!"

"नाही हो, ते ब्रेकरमुळे..." त्याची जीभ अडखळली. तेही दारूच्याच खात्यात गेलं.

भाची जवळ आली. तिने त्याचा श्वास हुंगला.

"वास नाहीये!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली. पण लोक आपापल्या पोरींना घेऊन निघाले होते. आणि हिनेही आधी हुंगून पाहिलं, हे त्याच्या काळजात रुतून बसलं.

त्याला मैदानावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. भाची घरीच बसून राहिली.

"आता काय रे करायचं?" बहिणीने विचारलं.

"ताई, तिला दुसरीकडे घाल. मला बघून ती थांबते गं."

त्याने दुसरी पाळीही धरली, त्याच ब्रेकरवर. त्या मजुरीतून दुसऱ्या प्रशिक्षकाची फी भरली.