आईने वाढलेली आमटी आणि माझा चेहरा

सिनेमात काम मी मागितलं होतं, मिळालं आईला.

आयर्लंडमधल्या ट्रली गावातल्या माझ्या छोट्या खानावळीत एका हळव्या सिनेमाचं शूटिंग ठरलं. लहान गाव, एकटी माणसं आणि जेवण, अशी गोष्ट. दिग्दर्शिका इफा जागेच्या भाड्याचं बोलायला आली. मी घासाघीस करून वर आलेला माणूस (भाजीवाला मला पाहून दुकानाचं दार लोटतो!), पहिल्या आकड्याला हो म्हणेन?

"भाडं निम्मं द्या," मी म्हणालो, "पण पडद्यावर माझा चेहरा दिसला पाहिजे. आणि एक वाक्य."

"ग्रँड!" इफा म्हणाली. इतक्या पटकन, की तेव्हाच संशय यायला हवा होता. मी सांगलीपर्यंत फोन करून मोकळा!

प्रसंग साधा. बायको गेलेला म्हातारा आमटी-भाताचा शेवटचा घास घेतो, रिकाम्या ताटाकडे बघत बसतो. मग मी विचारायचं, "आणखी काही हवं?" आमच्याकडे राहायला आलेली आई आमटीचा डाव घेऊन शेजारी उभी राहणार. नुसती!

कॅमेरा सुरू झाला. नटाने ताट संपवलं, मी तोंड उघडलं, आणि भस्सकन ताटात आमटी!

"कट! ताट रिकामं हवंय!"

"आई, वाढायचं नाही!"

"रिकाम्या ताटावर पाव्हणा बसवायचा? लाज न्हाई वाटत?"

"अगं, ते खोटं जेवण आहे!"

"मीठ-तिखट खरं घातलंय की मी!"

पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळी तिने आधी भातही वाढला. नट बिचारा सभ्य, वाढलेलं टाकेना. त्याने संपवलं की आई खूश होऊन परत वाढायची! त्याने पट्टा सैल केला, इफाने कपाळ धरलं. माझं वाक्य घशातच! शेवटी माझं डोकं फिरलं. कॅमेरा चालू असतानाच मी ओरडलो, "आई, पुरे!"

नट ताटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला न विचारता वाढणारी शेवटची व्यक्ती माझी आई होती." आणि खरोखरच रडायला लागला. इफा कट म्हणायचं विसरली.

पुढे गावातल्या सभागृहात सिनेमा लागला. पडद्यावर आईचा हात आला. भिंतीएवढा! मनगटावरची भाजल्याची खूण, हिरव्या बांगड्या, आमटीची वाफ. जन्मभर ज्या हातचं जेवलो, तो हात मी पहिल्यांदा बघत होतो. शेजारची आयरिश आजी हुंदके देत होती. आई कुजबुजली, "आमटी जरा पातळच झालेली."

मग दिवे लागले आणि मी भानावर आलो. माझं वाक्य कापलेलं. चेहरा? कुठेच नाही! दारातच इफाला गाठलं.

"चेहरा ठरला होता!"

"आहे की!" तिने फोनवर चित्र थांबवून दाखवलं. रिकाम्या डावाच्या चकचकीत वाटीत, आ वासून ओरडणारा, डोकं खाली हनुवटी वर, मी!

आयुष्यभर एकेका शब्दावर सौदे जिंकले. 'सुलटा' हा एक शब्द तेवढा घालायचा राहिला!